हिवाळी हिमालय, बर्फाचे उतार आणि हिमस्खलन: जाण्याआधी वाचायचा धागा

धारवाट

दिवाळी संपली की इथे हिवाळी ट्रेकचे प्रश्न सुरू होतात. उत्तराखंडातला केदारकंठा डिसेंबरात करावा की जानेवारीत, बूट कोणते, थर्मलचे किती जोड, मायक्रोस्पाइक (बुटांना लावायच्या काटेरी साखळ्या) भाड्याने मिळतात का. उत्तरंही लोक मनापासून देतात. पण डोक्यावरचा उतार किती अंशांचा आहे, त्यावरचा बर्फ कधी पडला आणि नंतर वारा कुठून वाहिला, हे विचारताना मी फारसं कुणाला पाहिलेलं नाही. सह्याद्रीत तयार झालेल्या पायांना कडा कळतो, घसारा कळतो, दृष्टिभय कळतं. बर्फाच्या उताराचे नियम वेगळे आहेत आणि ते शिकता येतात. त्यासाठी हा धागा.

४ ऑक्टोबर २०२२ ला द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रगत अभ्यासक्रमाची तुकडी सकाळी चढत होती. शिखराखालच्या उतारावर बर्फाची लादी सुटली आणि बरेच जण खालच्या हिमभेगेत ओढले गेले. २७ मृतदेह मिळाले, दोघे तेव्हा सापडले नाहीत. गेलेल्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी १६ दिवसांच्या आत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन्ही शिखरं केली होती. एवढा अनुभव असलेली माणसं ज्यात सापडतात, ते आपण ट्रेकर मंडळींनी निदान समजून तरी घ्यायला हवं.

आता मुद्द्याचं. हिमस्खलन म्हणजे वरून अचानक कोसळणारं संकट, आपला त्याच्याशी संबंध नाही, असं बहुतेकांना वाटतं. युरोप-अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदी वेगळंच सांगतात. भटक्यांचे जीव घेणारी साधारण नव्वद टक्के हिमस्खलनं त्या व्यक्तीच्या किंवा तिच्याच गटातल्या कुणाच्या तरी वजनाने सुटलेली असतात. म्हणजे कुठे पाऊल टाकायचं, कधी टाकायचं आणि कधी नाही टाकायचं, यावर खूप काही अवलंबून आहे.

बर्फ थरांनी साचतो. डिसेंबरपासून मार्चपर्यंत एकामागून एक वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येणारे, बर्फ आणणारे वारे-ढग) येतात आणि प्रत्येक जण आपला थर टाकून जातो. दोन बर्फवृष्टींच्या मधल्या कोरड्या, निरभ्र, कडाक्याच्या रात्री फार महत्त्वाच्या. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास असतो आणि पृष्ठभाग उणे पंधरा-वीसपर्यंत गार होतो. या फरकामुळे खालची वाफ थरांमधून वर सरकते आणि बर्फाचे कण कोनदार, सुटे होत जातात, एकमेकांना धरेनासे होतात. थर जितका पातळ, तितका हा बदल वेगाने. म्हणून डिसेंबरात 'यंदा बर्फ कमी आहे, धोका नाही' असं कुणी म्हणालं तर मला काळजी वाटते. जानेवारीत जेव्हा दोन-तीन फूट बर्फ एकदम पडतो, तेव्हा तो याच सुट्या कणांवर बसतो. साखरेच्या दाण्यांवर काचेची मोठी फरशी ठेवावी तशी ती रचना असते. एका जागी वजन पडलं की खालचे कण ढासळतात, ती ढासळण लादीखालून क्षणात दूरवर पसरते आणि सगळा उतार एकाच वेळी चालू लागतो.

कोनाबद्दल: लादी सुटते ती बहुतेक वेळा ३० ते ४५ अंशांच्या उतारावर, त्यातही ३८ च्या आसपास सर्वाधिक. २५ च्या खाली ती सहसा सुटत नाही. फार उभ्या भिंतीवर बर्फ टिकतच नाही, थोडा थोडा गळत राहतो. आपल्याकडचा मुरमाड घसारा थांबतो तोही ३०-३५ अंशांनाच. म्हणजे ज्या उतारावर पाय 'जमेल की' म्हणतो, नेमका तोच उतार.

ज्यांनी गिर्यारोहणाचे बेसिक, अ‍ॅडव्हान्स कोर्स केले आहेत, स्कीइंग केलं आहे, थंड देशांत राहतात, त्यांनी भर घालावी ही विनंती.

घाटवेडा

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक शंका. ३० अंश आणि ३८ अंश डोळ्यांनी कसे ओळखायचे? मला तर समोरून बघितला की प्रत्येक उतार उभाच वाटतो आणि वर उभं राहून खाली बघितलं की त्याहून उभा.

धारवाट

@घाटवेडा, डोळ्यांवर विश्वास ठेवूच नका. मोबाइलमध्ये कोन मोजणारं अ‍ॅप असतं, काही होकायंत्रांतही सोय असते. तेही नको असेल तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी आडवी धरा, तिचं टोक चढाच्या बाजूला बर्फाला टेकवा. दुसरी काठी पहिलीच्या मोकळ्या टोकापासून सरळ खाली सोडा. ती पूर्ण लांबीला बर्फाला टेकली तर उतार ४५ अंशांचा. अर्ध्यावरच टेकली तर २७ च्या आसपास. अर्ध्याच्या थोडं पुढे गेली की तुम्ही ३० ओलांडले आणि तिथून विचार करायला लागायचं.

हे आधी आपल्याकडे करून बघा. राजगडाच्या, तोरण्याच्या सोंडांवर, एखाद्या गवताळ उतारावर. महिनाभरात नजर बसते.

आणखी एक. फक्त पायाखालचा उतार मोजून भागत नाही. आपण सपाटीवर चालत असू आणि वर तीनशे मीटरवर ३५ अंशांचा भरलेला उतार असेल, तर सुटलेला बर्फ येणार तो आपल्याच वाटेवर. खालून चालणाऱ्याच्या वजनानेही वरची लादी सुटू शकते, कारण ढासळण थरातून वर प्रवास करते.

इन्सब्रुकहून

मी गेली काही वर्षं ऑस्ट्रियात आहे आणि हिवाळ्यात स्की-टूरिंग (स्कीवरून डोंगर चढणं-उतरणं) करते. इकडे कुणीही घरातून निघण्याआधी हिमस्खलनाचं बुलेटिन वाचतं, अगदी शाळकरी मुलंसुद्धा. युरोपभर १९९३ पासून धोक्याची एकच पाच पायऱ्यांची पट्टी वापरतात. एक म्हणजे कमी, पाच म्हणजे अतितीव्र. स्वित्झर्लंडमध्ये दावोसची संस्था हिवाळ्यात रोज संध्याकाळी पाचला आणि सकाळी आठला बुलेटिन देते. कोणत्या दिशेचे उतार, कोणत्या उंचीच्या वर, बर्फाचा कोणता दोष, सगळं त्यात असतं.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की सर्वाधिक माणसं पातळी तीनला मरतात. चार-पाचला लोक घरीच बसतात. तीनला आभाळ निळं असतं, ताजा बर्फ चमकत असतो, आदल्या दिवशी कुणीतरी जाऊन आलेलं असतं.

वेर्नर मुंटर या स्विस गाइडने एक सोपा नियम घालून दिला आहे, तो मी नवशिक्यांना नेहमी सांगते. पातळी दोन असेल तर ४० अंशांच्या खाली राहा, तीन असेल तर ३५ च्या खाली, चार असेल तर ३० च्या खाली. हा कोन उताराच्या सगळ्यात उभ्या भागाचा घ्यायचा, सरासरी काढायची नाही. एवढं पाळलं तरी धोका खूप उतरतो.

आणि हे सगळं असूनही एकट्या स्वित्झर्लंडमध्ये दर हिवाळ्यात सरासरी वीसेक माणसं हिमस्खलनात जातात. बुलेटिन वाचणं ही सुरुवात आहे, पुढचं डोकं आपलंच चालवावं लागतं.

रानपाखरू

चर्चा छान, पण आपल्याकडे हे कितपत लागू होतं? भारतात असलं बुलेटिन आहे तरी का? शिवाय आपण स्थानिक गाइडबरोबर जातो. सांकरी, लोहाजंग अशा ट्रेकच्या पायथ्याच्या गावांतली मुलं लहानपणापासून तिथे वावरतात. त्यांना जे कळतं ते अ‍ॅपला आणि काठ्यांना कळणार आहे का? मला तरी वाटतं गाइडवर विश्वास ठेवणं हाच सगळ्यात चांगला उपाय.

धारवाट

@रानपाखरू, दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्ही महत्त्वाचे.

बुलेटिन आहे. डीआरडीओची चंडीगडची डीजीआरई ही संस्था ते देते. आधी मनालीला 'सासे' ही बर्फ आणि हिमस्खलनांचा अभ्यास करणारी संस्था होती, २०२० मध्ये तिचं विलीनीकरण होऊन डीजीआरई झाली. काम मूळचं सैन्यासाठी उभं राहिलं, पण जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल, उत्तराखंडच्या जिल्ह्यांचे इशारे प्रशासनाकडे जातात आणि बातम्यांत येतात. आल्प्समधल्यासारखं दरीदरीचं वर्णन आपल्याला मिळत नाही. तरी जे मिळतं ते वाचायलाच हवं. २८ फेब्रुवारी २०२५ ला चमोलीत माणाजवळ सीमा रस्ते संघटनेचा कामगारांचा तळ बर्फाखाली गेला. ५४ जण अडकले, ४६ वाचले, ८ गेले. आदल्या संध्याकाळीच २,४०० मीटरवरच्या भागांसाठी २४ तासांचा इशारा निघाला होता. जे वाचले त्यांतले बरेच जण लोखंडी कंटेनरमध्ये होते, आत हवा राहिली म्हणून तग धरू शकले. तंबूत तसं काही मिळत नाही. म्हणून मी तळाची जागा वाटेइतकीच महत्त्वाची मानतो.

आता गाइडबद्दल. स्थानिक माणसाला वाट, पाणी, हवा, सुटकेचे रस्ते आपल्यापेक्षा कितीतरी जास्त कळतात आणि मी त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही. पण हिमस्खलनात अनुभव एका वेगळ्या तऱ्हेने फसवतो. एकाच उतारावरून माणूस पन्नास वेळा सुखरूप जातो. त्या पन्नास वेळा तिथला कमकुवत थर तयार होता की नव्हता, हे त्याला उतार सांगत नाही. सुखरूप गेलो म्हणजे बरोबर वागलो, असा समज पक्का होत जातो. द्रौपदी का डांडावर प्रशिक्षक होते, तेही निष्णात.

आणि गाइडवर एक दडपण असतं, त्याला कारण आपण. गट म्हणतो, एवढी रजा काढून आलोय, तिकिटं परतीची आहेत, समिट झालंच पाहिजे. त्याने 'आज नको' म्हटलं की ग्रुपवर तक्रारी, खालचे तारे. गाइडवर खरा विश्वास असेल तर त्याच्या 'नको'ला पहिल्या मिनिटात होकार द्यायचा. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सात पर्यटक दगावले. पास होते तेराव्या मैलापर्यंतचे, लोक गेले होते पंधराव्या मैलाकडे. तिथे ट्रेकही नव्हता, गाडीतून उतरून बर्फात खेळायला गेलेली माणसं होती.

भोजपत्र

मी बेसिक आणि अ‍ॅडव्हान्स दोन्ही केले आहेत, त्यातलं उपयोगी पडणारं सांगतो. उतार बोलतो, ऐकायची सवय लावावी लागते.

चालताना पायाखाली 'व्हम्फ' असा दबका आवाज आला आणि बर्फ किंचित खाली बसल्यासारखा वाटला, तर तो कमकुवत थर त्या क्षणी ढासळलेला असतो. सपाटीवर असाल म्हणून वाचलात. पावलापासून भेगा सुटून पुढे धावल्या तर तोच अर्थ. आजूबाजूच्या, त्याच दिशेच्या उतारांवर ताजी स्खलनं दिसली तर आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही. या तीनपैकी एकही दिसलं की उभे उतार त्या दिवसापुरते संपले. मागे फिरताना आलेल्याच पावलांवरून, अंतर ठेवून.

मग वारा. बर्फ पडायचा थांबला तरी वारा धारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला रचत राहतो. आभाळातून दिवसभरात पडेल त्यापेक्षा कितीतरी जास्त बर्फ तो काही तासांत आडोशाच्या उतारावर टाकतो. धारेवर कॉर्निस (वाऱ्याने रचलेला, कडेबाहेर लोंबणारा बर्फाचा छज्जा) असेल तर ती ज्या बाजूला लोंबते ती भरलेली बाजू. कॉर्निसच्या कडेला फोटो काढायला जाऊ नका. ती तुटते तेव्हा टोकापासून तुटत नाही, बरीच मागून तुटते आणि धारेवर सुरक्षित उभ्या वाटणाऱ्यालाही घेऊन जाते.

झाडंही वाचायची. देवदार-रईच्या दाट जंगलात वरपासून खालपर्यंत झाडांशिवायचा सरळ पट्टा दिसला तर ती स्खलनाची नेहमीची वाट. भोजपत्राची झाडं उताराकडे वाकलेली, चढाच्या बाजूच्या फांद्या छाटल्यासारख्या नाहीशा, हीसुद्धा तीच खूण. सोलंगहून धुंदीकडे जाताना दोन्ही अंगांना असे पट्टे स्पष्ट दिसतात. अटल बोगद्याच्या दक्षिण तोंडाकडच्या रस्त्याला हिमस्खलनापासून संरक्षण द्यावं लागलं ते यामुळेच. बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, पण लाहौलच्या लोकांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. मार्च १९७९ मध्ये त्या एका खोऱ्यात दोनशेहून जास्त माणसं हिमस्खलनांत गेली.

आणि नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद उभी घळ. आपल्याला सह्याद्रीत नाळेतून चढायची सवय, नाळ म्हणजे वाट. बर्फात नाळ म्हणजे दोन्ही बाजूंचा बर्फ येऊन साचणार ती जागा. छोटं स्खलनसुद्धा तिथे माणसाला दोन मीटर खाली पुरू शकतं.

सांजधुकं

या नाळेवरून विचारते. आम्ही पाच-सहा जणी जूनच्या सुरुवातीला हिमालयातल्या रुपिन पास या खिंडीचा ट्रेक ठरवतोय. शेवटची चढण बर्फाच्या नाळेतूनच आहे ना? उन्हाळ्यात हा धोका नसतो असं धरून चाललो होतो.

भोजपत्र

असतो, फक्त तऱ्हा बदलते. रुपिनची नाळ मे-जूनमध्ये चांगलीच भरलेली असते आणि पास ४,६५० मीटरवर. उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा. दिवसा ऊन पडतं, पृष्ठभाग वितळतो, पाणी थरांमधून मुरत जातं आणि कणांमधली पकड सुटते. रात्री आभाळ निरभ्र असेल तर सगळं पुन्हा गोठून दगडासारखं होतं. म्हणून पहाटे निघायचं, बर्फ कडक असताना नाळ चढून पलीकडे व्हायचं. ऊन नाळेवर यायच्या आत तुम्ही वर असायला हव्यात. दुपारी तिथे ओली स्खलनं आणि सुटलेले दगड, दोन्ही येतात.

एक गोष्ट लोक विसरतात. रात्री ढग होते किंवा पाऊस झाला, तर बर्फ गोठलेलाच नसतो. पहाटे बूट घोट्यापर्यंत सहज रुतला तर पहाटेला निघून काही मिळवलं नाही असं समजा आणि एक दिवस थांबा. राखीव दिवस ठेवूनच तिकिटं काढा.

नाळेत एकावर एक रांग लावू नका. वरचा घसरला तर खालचे सगळे जातात. आणि कुठेही मजेत बसून घसरत जायच्या आधी खाली काय आहे ते दिसतंय ना, एवढं बघा. सार पासला लोक ज्या खुशीने घसरतात तिथे उताराचा शेवट मोकळा आहे, सगळीकडे तसा नसतो.

सांजधुकं

धन्यवाद भोजपत्रदादा. राखीव दिवस धरला नव्हता, आता तारखाच बदलतो आम्ही.

वैद्यबुवा

डॉक्टर म्हणून थोडं. बर्फाखाली गेलेल्या माणसाकडे किती वेळ असतो, ते नीट समजून घ्या. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात. अर्ध्या तासापर्यंत हा आकडा दहातले तीन इतका खाली येतो. बहुतेक मृत्यू गुदमरून होतात. थंडीने जायला बराच वेळ लागतो. आधी आपटून-धडकून जे दगावतात ते वेगळे, साधारण पाव भाग. थांबलेला बर्फ काँक्रीटसारखा घट्ट होतो, बोट हलवता येत नाही, आणि तोंडासमोर श्वासाच्या वाफेचा बर्फाळ थर चढून हवा बंद होते. म्हणून स्खलन थांबायच्या बेताला तोंडापुढे हात घेऊन पोकळी करायची, असं सांगतात.

याचा सरळ अर्थ असा की हेलिकॉप्टर, एसडीआरएफ (राज्याचं आपत्ती बचाव दल), सैन्य यांतलं कुणीही त्या दहा मिनिटांत येऊ शकत नाही. वाचवणारे म्हणजे शेजारी उभे असलेले तुमचे सोबती. भारतात सॅटेलाइट फोन आणि सॅटेलाइट मेसेंजर परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे, परदेशी पाहुणे विमानतळावर त्यासाठी अडकले आहेत. मग खबर जाणार ती माणूस खाली धावत गेल्यावर.

बाहेर काढल्यावर: आधी चेहरा मोकळा करा, मग छाती. पूर्ण शरीर उकरायची वाट बघू नका. तोंडातला बर्फ काढा, श्वास नसेल तर तोंडाने पाच श्वास द्या आणि सीपीआर सुरू करा. इथे हवा कमी पडून हृदय थांबलेलं असतं, नुसती छाती दाबून भागत नाही. माणूस तासाभराहून जास्त पुरलेला असेल, गार पडला असेल पण तोंड-नाक मोकळं सापडलं, तर मेला म्हणून सोडू नका. दवाखान्यात ऊब देऊन अशी माणसं परत आली आहेत. फार हळुवार हलवा, थंड पडलेलं हृदय धक्क्याने बिघडतं. सियाचिनला फेब्रुवारी २०१६ मध्ये लान्स नाईक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले होते. पुढे ते वाचले नाहीत, पण शोध का थांबवायचा नसतो हे त्यावरून कळतं.

आईचीमाया

मी ट्रेकर नाही. माझी मुलगी कॉलेजच्या ग्रुपबरोबर फेब्रुवारीत उत्तराखंडला जाणार आहे, म्हणून हा धागा शोधून वाचला. वाचून धास्ती बसली आहे खरी. तिला नको म्हणायचं नाहीये, तिची खूप तयारी चालली आहे. आयोजकांना मी नेमकं काय विचारू, ते कुणी सांगेल का?

धारवाट

काकू, तुम्ही विचारताय हेच फार चांगलं. नको म्हणू नका. नेहमीच्या हिवाळी ट्रेकच्या वाटांचा बराचसा भाग जंगलातून आणि सौम्य धारांवरून जातो. हवामान बरं असेल आणि आयोजक थांबायला तयार असेल तर मुलं आनंदात जाऊन येतात.

आयोजकाला फोन करा आणि पहिलं हे विचारा की मोठी बर्फवृष्टी झाली तर किती वेळ थांबता. ताजा बर्फ पडल्यावर पहिले २४ ते ४८ तास सर्वांत वाईट असतात. दिवसात फूटभर ताजा बर्फ हा धोक्याचा ठळक इशारा. 'आम्ही दरवर्षी जातो, काही होत नाही' असं उत्तर आलं तर पुढचं विचारायची गरज नाही. मग विचारा की तंबू कुठे लागतात, त्याच्या वर मोकळा उभा उतार आहे का. डीजीआरईचा इशारा कोण बघतं आणि तो आल्यावर मागच्या मोसमात काय केलं होतं? परत फिरलेल्या एखाद्या तुकडीची गोष्ट जो आयोजक मोकळेपणाने सांगतो, त्याच्यावर माझा भरवसा बसतो. समिट झालं नाही तर पैशांचं काय, हेही विचारा, कारण पैशांच्या अटीवरून गाइडला थांबायची मुभा आहे की नाही ते कळतं.

आणि मुलीला एवढंच शिकवून पाठवा की सुरक्षित वाटत नसेल तर मोठ्याने बोलायचं. गटात सगळ्यांत धाकटी असली तरी.

आईचीमाया

खूप आभार. लिहून घेतलं. तिलाही धागा वाचायला दिला आहे.

पीरपंजाल

गुलमर्गचं लिहितो, कारण आता महाराष्ट्रातून खूप जण स्की शिकायला जातात. गोंडोलाचा (तिथल्या रोपवेचा) दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर जवळजवळ चार हजार मीटरपर्यंत नेतो. म्हणजे न चालता, न दमता माणूस थेट उच्च हिमालयी उतारावर. ठरलेल्या हद्दीत स्की पेट्रोल (गस्तीचं पथक) बर्फाची पाहणी करतं, धोका असला की वरचा टप्पा बंद ठेवतं. हद्दीबाहेरच्या नाळा आणि कटोरे कुणी साफ करत नाही. १ फेब्रुवारी २०२३ ला तिथेच दोन पोलिश स्कीपटू गेले. खिलनमर्गला ८ फेब्रुवारी २०१० ला सैन्याच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेचे १७ जवान गेले, तेही प्रशिक्षण चालू असताना. दुसऱ्याच्या स्कीच्या खुणा दिसल्या म्हणून त्या उतारावर जाऊ नका. पहिल्याच्या वजनाला न सुटलेली लादी सातव्याच्या वजनाला सुटते.

पीर पंजालचा बर्फ ओलसर आणि जाड, बृहद् हिमालयात मध्यम, लडाख-काराकोरमकडे पातळ, कोरडा आणि कण सुटे. काश्मीरमध्ये मोठ्या वृष्टीनंतर काही दिवसांत थर बऱ्यापैकी बसतात. लडाखकडे कमकुवत थर महिनाभरही तसाच पडून राहतो. एका भागातली सवय दुसऱ्या भागात नेऊ नये.

रानपाखरू

धारवाट, माझ्या मुद्द्याला दिलेलं उत्तर पटलं, विशेषतः गाइडवरच्या दडपणाचं. एक भर माझ्याकडून. ऑक्टोबर २०१४ मध्ये नेपाळात थोरोंग ला या खिंडीच्या भागात चाळीसहून जास्त माणसं बर्फात आणि हिमस्खलनांत गेली. त्यामागे हुदहुद चक्रीवादळ होतं. ते १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं होतं, दोन दिवसांनी त्याचे उरलेले ढग अन्नपूर्णेवर होते. म्हणजे बंगालच्या उपसागराची बातमी बघणाऱ्याला दोन दिवस मिळत होते. ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी फक्त डोंगराचं हवामान बघून भागत नाही.

धारवाट

@रानपाखरू, अगदी. हे मूळ लेखात घालायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे.

घाटवेडा

शेवटचा प्रश्न. बीकन (पुरलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं हे त्रिकूट आपण घ्यावं का? आम्ही चौघे मार्चमध्ये मनालीच्या बाजूला चाललोय, उभ्या उतारांचा थोडा भाग आहे.

इन्सब्रुकहून

उभे उतार असतील तर चौघांकडे तिन्ही वस्तू हव्यात. एकाकडे बीकन, दुसऱ्याकडे फावडं, असं वाटून चालत नाही. ज्याच्याकडे फावडं तोच खाली गेला तर? बीकन ४५७ किलोहर्ट्झवरचे, तीन अँटेनांचे घ्या, कोणत्याही कंपनीचे एकमेकांशी बोलतात. बॅटऱ्या नव्या अल्कलाइन, चार्ज होणाऱ्या नकोत. मोबाइलचा अडथळा होतो. चालताना बीकनपासून निदान २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५० सेंटिमीटर, शक्यतो बंदच. सकाळी तळ सोडण्याआधी एकेकाचं बीकन चालू आहे ना, हे दुसऱ्याने तपासायचं. प्रोब २४० सेंटिमीटरहून लांब. फावडं धातूचं, प्लॅस्टिकचं पातं घट्ट बर्फात मोडतं.

उकरताना प्रोबच्या डोक्यावर खणत बसू नका. उताराच्या खालच्या बाजूला, जितका माणूस खोल त्याच्या दीडपट अंतरावरून आडवं खणत जायचं, बाकीच्यांनी मागे बर्फ ओढायचा. यात सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून सरावही याचाच जास्त करायचा.

आणि उतार ओलांडताना एकेक जण. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवायची, कारण तो शेवटचा कुठे दिसला त्याच्या खालीच शोध सुरू होतो. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवा.

भोजपत्र

सरावाला बर्फ लागत नाही. पिशवीत गुंडाळलेलं बीकन पालापाचोळ्यात किंवा कोरड्या तलावाच्या मातीत पुरायचं आणि घड्याळ लावून शोधायचं. आमच्याकडे क्लबची काही बीकन आणि प्रोब आहेत. पुण्यात कुणाला सराव करायचा असेल तर मला इथे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाच-सहा जण झाले की एखाद्या रविवारी सकाळी टेकडीवर भेटू. घाटवेडा, तुम्ही चौघेही या, मार्चच्या आधी दोनदा तरी.

घाटवेडा

येतो. चौघांची नावं व्यनिने पाठवली आहेत.